मी न बघितलेला पत्ता

कुठला खेळ निवडू, असं विचारत होतीस ना? बस मग. ती खुर्ची ओढ इकडे, दिव्याजवळ. आरशाच्या वरचे बल्ब निम्मे गेलेत, तिकडे अंधारात बसू नकोस. पहिल्या घंटेला अजून अवकाश आहे.

घरच्यांसमोर करायचा खेळ वेगळा आणि रंगमंचावरचा वेगळा, असं तुला सगळे सांगतील. घरचे लोक हातांकडे बघतात, सभागृहातले लोक तोंडाकडे बघतात. खोटं नाही ते. मीसुद्धा हाच हिशेब मनात धरून त्या दिवशी जादूच्या सामानाच्या दुकानात गेले होते. साधं काम होतं. मनातला पत्ता ओळखायचे दोन-तीन खेळ बघायचे, एक पसंत करायचा, येताना भाजी घ्यायची आणि घरी यायचं.

आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

हे मनकवडे म्हणून प्रसिद्ध होते. डोळ्यांवर काळी पट्टी बांधून रंगमंचाच्या मधोमध खुर्चीत बसायचे. मी खाली प्रेक्षकांत फिरायचे. कुणीही कॅटमधला एक पत्ता ओढायचा, मला दाखवायचा, आणि मी वर बघून म्हणायचे, "हं, सांगा आता." हे क्षणभर मान खाली घालायचे आणि म्हणायचे, "बदाम सत्ती." लोक वेडे व्हायचे. आता तू या धंद्यात येते आहेस म्हणून सांगते, सगळं माझ्या बोलण्यात होतं. 'सांगा' म्हटलं की बदाम, 'बोला' म्हटलं की इस्पिक. 'हं' आधी आलं की एक आकडा, नंतर आलं की दुसरा. मी सगळ्या सभागृहासमोर पत्त्याचं नाव ओरडून सांगत असायचे, पण ऐकू जायचं ते फक्त ह्यांना. टाळ्याही ह्यांनाच.

त्याचं मला काही नव्हतं. धंदा दोघांचा होता. पण घरी आल्यावरही पट्टी सुटायची नाही, असं म्हण. "तू नुसते डोळे आहेस," हे म्हणायचे, "डोक्याचं काम माझ्याकडे." कुठे चारचौघांत मी जरा जास्त बोलले की हसत हसत माझं मनगट धरायचे. बघणाऱ्याला वाटावं, काय प्रेम आहे नवरा-बायकोत. अंगठा मात्र हाडावर रुतलेला असायचा. एकदा नर्सेसच्या वसतिगृहातून मला एकटीला प्रयोगाचं बोलावणं आलं होतं. ह्यांनी परस्पर कळवलं, तिची तब्येत बरी नसते. माझी तब्येत ठणठणीत होती. असो.

एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी रडले. खोटं कशाला बोलू, मनापासून रडले. पण तेराव्या-चौदाव्या महिन्यात कधीतरी लक्षात आलं की मी जेवताना मोठ्याने गुणगुणते आहे, आणि मनगटावर कुणाचा हात नाही.

तेव्हाच नाट्यगृहाचे मॅनेजर घरी आले. डागडुजी होऊन नाट्यगृह पुन्हा उघडत होतं. दुपारचा एक प्रयोग तुम्ही करा, एकट्या, असं म्हणाले. मी हो म्हटलं. 'हो' तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही माहीत नव्हतं की मी हो म्हणणार आहे.

तर दुकान. घड्याळजीच्या वरच्या मजल्यावर आहे ते, तू गेली असशील. जिना इतका अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने मुकाट्याने मागे फिरावं. आत सरस, जुना पुठ्ठा आणि घडी घालून ठेवलेल्या रेशमाचा वास. दुकानदार आम्हाला लग्नाआधीपासून ओळखणारा. मला बघून उठून उभा राहिला आणि सवयीने माझ्या मागे जिन्याकडे बघितलं.

"एकट्याच आलात?"

"आता एकटीच," मी म्हटलं. "मनातला पत्ता ओळखायचा खेळ दाखवा. ज्याला जोडीदार लागत नाही असा."

त्याने काचेवर तीन कॅट मांडले. पहिला गळ्यात मारायचा. म्हणजे समोरच्याला वाटतं, आपण आपल्या मर्जीने पत्ता ओढला, पण खेळ करणाऱ्याने त्याच्या गळ्यात मारलेलाच तो घेतो. दुसरा खुणेचा. पाठीवरच्या वेलबुट्टीत कुठे एक पाकळी कमी, कुठे देठ जाड, की पालथा पत्तासुद्धा नजर असणाऱ्याला उताणाच. तिसरा कॅट त्याने मांडला आणि लगेच बाजूला सारला.

"हा साधाच आहे. कुठल्याही पत्त्यांचा लागतो, आपोआप. समोरचाच पिसणार, समोरचाच बघणार. तुम्ही नुसतं सांगायचं, एवढे उचला, तेवढे तिकडे ठेवा, आणि मग पालथेच वाटत जायचं. शेवटी पत्ता कुठे येऊन बसलाय ते तुम्हाला कळतं, पण कुठला आहे ते तुम्हालाही उलटेपर्यंत माहीत नसतं. सुट्टीत भाचरं जमली की रिझवायला बरा. स्टेजवर केलात तर लोक जांभया देतील."

मी खुणेचे पत्ते उचलले. माझी नजर अजून शाबूत होती. "एक ओढा," मी म्हटलं.

त्याने ओढला आणि छातीशी धरला. पाठीवरची पाकळी मला दिसली. किलवर राणी. मी जरा दम धरला, कारण लगेच सांगितलं की मजा जाते. तेवढ्यात तो हसला आणि पत्ता काचेवर टाकला. "वा. नजर तशीच आहे तुमची."

"मी अजून सांगितलं कुठे?"

"सांगितलंत की. किलवर राणी." त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. "घसा बसलाय मात्र. गरम पाणी घेत जा."

मला वाटलं, पुटपुटले असेन. एकट्या राहणाऱ्या बाईला ती सवय लागतेच. पत्ते घेतले, भाजी घेतली, घरी आले. पिशवी रिकामी करताना लवंगेचा वास आला. हे सतत लवंग चघळायचे, आवाजासाठी. मी लवंग घेतली नव्हती. पण वासाचं काय, भाजीवाल्याच्या हाताला कशाचाही असतो.

प्रयोगाआधी घरच्यांसमोर करून बघावा म्हणून मी त्या आठवड्यात धाकट्या बहिणीकडे गेले. बहीण, मेहुणे आणि त्यांची मुलगी. तिला घरात सगळे मुंगी म्हणतात, कारण ती कधी एका जागी बसत नाही. मेहुणे जमिनीच्या मोजणीच्या कामात. काहीही सांगा, मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचे नाहीत. असा माणूस खेळाला फार उपयोगी असतो.

दिवेलागणीची वेळ होती. जेवणाच्या टेबलावरचे ताट-पेले बाजूला सारून आम्ही बसलो. मी मुंगीला पत्ता ओढायला सांगितला. तिने ओढला, आईला दाखवला, तळहाताखाली दाबला. पण त्याआधी पाठ माझ्या नजरेखालून गेली होती. इस्पिक नव्वी.

मी गप्प राहिले. मुद्दाम. ओठ घट्ट मिटून. दुकानातला प्रकार डोक्यात होताच.

मुंगीचा चेहरा उतरला. ती खुर्चीत मागे सरकली.

"मावशी... असं नको ना करूस."

"काय केलं मी?"

"काकांचा आवाज..."

बहिणीने पेला खाली ठेवला, पण तो टेबलाच्या कडेला ठेवला गेला आणि पडला. कुणी उचलला नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्याच्या मागे, कपाटाकडे बघत होती.

"काय ऐकलंत तुम्ही?" मी विचारलं.

"इस्पिक नव्वी," मेहुणे म्हणाले. त्यांचा आवाज सरळ होता, पण त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते, टेबल हलेल की काय अशा तऱ्हेने. "तुमच्या मागून आलं. तुमचे ओठ हलले नाहीत, मी बघत होतो."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. हे नीट लक्षात घे. मी आयुष्यभर ज्या माणसाशी अख्ख्या सभागृहादेखत चोरून बोलले, त्याचा आवाज खोलीतल्या सगळ्यांना येत होता, आणि मला नाही. मला फक्त लवंगेचा वास येत होता. दाट. कुणीतरी अगदी कानाशी तोंड आणल्यासारखा.

बहीण म्हणाली, दिवा लाव, सगळे दिवे लाव. मुंगीने लावले. मेहुणे मात्र उठले नाहीत. त्यांनी कॅट स्वतःकडे ओढला.

"ताई, भिंतीकडे तोंड करून बसा."

मी बसले. मागे पत्ते पिसल्याचा आवाज. मग शांतता. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा होता, मी त्याच्याकडे बघत राहिले.

"काही नाही," मेहुणे म्हणाले. "मी तीन-चार पत्ते बघितले. काही आवाज नाही. आता इकडे वळा." मी वळले. त्यांनी एक पत्ता माझ्यासमोर उताणा धरला. चौकट गुलाम. मी तो बघितला मात्र, मुंगीने दोन्ही कान झाकून घेतले.

मेहुण्यांनी पत्ता हळूच खाली ठेवला. "त्यांना काही दिसत नाहीये, ताई. तुम्हाला दिसतं तेवढंच त्यांना दिसतं."

"ते जिवंतपणीही तसंच होतं," मी म्हटलं.

बहिणीने मला आतल्या खोलीत नेलं. दार लावून घेतलं.

"सोडून दे हे. मॅनेजरांना सांग, जमत नाही. ह्या घरी ये राहायला. पत्त्यांना हात लावू नकोस, म्हणजे ते... म्हणजे त्यांना काही सांगायला उरणार नाही."

"म्हणजे त्यांना हवं तेच करू?"

"अगं, मेलेल्या माणसाशी भांडतेस?"

"जिवंत होते तेव्हा भांडले नाही," मी म्हटलं. "उरलंय ते तसंच. आणि तू घाबरतेस त्यापेक्षा मी कमी घाबरले आहे असं समजू नकोस. पण मी प्रयोग करणार."

ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला काही सांगायचं म्हणून सांगत राहिले. पण माझं डोकं त्या वाक्यावर अडकलं होतं. तुम्हाला दिसतं तेवढंच त्यांना दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दुकानात गेले. खुणेचे पत्ते काचेवर ठेवले.

"तो तिसरा खेळ शिकवा. घरगुती."

"अहो, तो रंगमंचावर पडतो. चांगल्या चांगल्यांचा पडलाय. त्यात तुमच्या हातात काहीच नसतं."

"तेच हवंय मला. माझ्या हातात पत्ता असेल, पण माझ्या डोळ्यांत नको."

त्याने मान हलवली, पण शिकवला. सोपा आहे तो, एका बैठकीत येतो. अवघड काय असतं माहीत आहे? न बघणं. पत्ता तुझ्या बोटांखाली पालथा पडलेला असतो, आणि आयुष्यभर पत्ते चोरून बघायची सवय लागलेली नजर त्याच्याकडे धावते. मी आठवडाभर घरी बसून न बघायचा सराव केला. जेवणाच्या टेबलाशी ह्यांची खुर्ची असते समोर. तिच्या गादीचा मधला भाग दबलेला असायचा. मी हात फिरवून सारखी करायचे, परत येईतो पुन्हा दबलेली. एकदा मी पत्ते वाटता वाटता म्हटलं, "अहो, बघा बरं कुठला आहे." खुर्ची नुसती करकरली. मी त्या रात्री सगळे दिवे लावून झोपले. झोपले म्हणजे पडून राहिले.

प्रयोगाची दुपार. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत काळोख, नाट्यगृहाचं तेच तर असतं. नवा रंग, नव्या गाद्या, ताज्या लाकडाचा वास. आणि त्यातून, मी विंगेतून बाहेर पाऊल टाकलं तेव्हा, लवंग.

मॅनेजरांनी जुन्या सवयीने मधोमध एक खुर्ची ठेवली होती. मी ती आधी काढायला लावली.

प्रेक्षकांतून एक बाई आल्या. बेकरी होती त्यांची. हातावर भट्टीचे चट्टे, चेहरा मोकळा. अशा माणसाला फसवता येत नाही आणि तो तुम्हाला फसवतही नाही. मी त्यांच्या हातात कोराच कॅट दिला, त्यांच्यासमोर फोडलेला. पाठ करून उभी राहिले. "पिसा. हवा तेवढा वेळ. एक पत्ता मनात धरा, जागा लक्षात ठेवा, कुणाला दाखवू नका. मलाही नाही."

त्या पिसत होत्या तो सळसळ आवाज माईकमधून सगळीकडे पसरत होता. "झालं," त्या म्हणाल्या. मी वळले. टेबलावर कॅट पालथा. मी पत्ते पालथेच वाटायला घेतले.

पहिल्या रांगेतला एक माणूस हसला आणि शेजारच्याला काहीतरी म्हणाला. मग दुसऱ्या रांगेत माना वळल्या. सगळ्या एकाच दिशेने, माझ्या डाव्या खांद्यामागे.

बेकरीवाल्या बाईंनी माझ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"चौकट दश्शी म्हणाले ना कुणीतरी? ती नाही माझी."

माझ्या छातीत काहीतरी सुटलं, गाठ सुटावी तसं. हे चुकले होते. उभ्या आयुष्यात लोकांसमोर हे कधी चुकले नव्हते, कारण मी कधी चुकू दिलं नव्हतं.

मी वाटत राहिले. बाईंनी पुन्हा मान हलवली. पुन्हा. आता सभागृहात कुजबुज नव्हती. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने आईच्या कुशीत तोंड लपवलं. ह्यांचा आवाज चढत असावा. मला ऐकू येत नव्हता, पण मी तो लोकांच्या चेहऱ्यांवर बघत होते. आयुष्यभर ह्यांनी माझ्या तोंडून बघितलं, आता मी लोकांच्या तोंडावरून ह्यांना ऐकत होते.

आणि मग माझं मनगट धरलं गेलं.

थंड नाही, गरम. ओळखीचा हात. अंगठा बरोबर त्याच हाडावर. पत्ते हातातून निसटायला लागले. माझ्या कातडीवर खळगे पडलेले बेकरीवाल्या बाईंना दिसले. त्या एक पाऊल मागे गेल्या, पण खाली उतरल्या नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मी माईकजवळ तोंड नेलं.

"पुरुषाचा आवाज कुणाकुणाला ऐकू येतोय? हात वर करा."

हात वर गेले. एक, दोन, मग सगळीकडून. अंधारात नुसते तळवे दिसत होते.

"ते माझे यजमान," मी म्हटलं. "तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांचे प्रयोग बघितलेत. ते मनकवडे होते. मला तो आवाज ऐकू येत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. त्यांनी आत्तापर्यंत सांगितलेला एक तरी पत्ता बरोबर आला?"

"नाही," बाई म्हणाल्या.

मनगटावरचा दाब वाढला. डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी तोच हात पुढे केला, त्या हातासकट, त्या अंगठ्यासकट, आणि शेवटचा पत्ता वाटला. मग मी मान वळवली, डाव्या खांद्याकडे. लग्नाच्या दिवसापासून मी ह्यांना अहो-जाहो करत आले होते. त्या दिवशी केलं नाही.

"अरे," मी म्हटलं, "आता सांग ना. पत्ता माझ्या बोटाखाली आहे. मी बघितलेला नाही. आता तू काय बघशील? सांग, मी थांबते."

मी थांबले. अख्खं सभागृह थांबलं. वर कुठेतरी दिव्याची तार तापून टिकटिकत होती. लवंगेचा वास एवढा झाला की डोळ्यांतून पाणी आलं.

"काही म्हणाला?" मी बाईंना विचारलं.

"पुटपुटतायत," त्या म्हणाल्या. "सगळेच पत्ते म्हणतायत. एकामागून एक..."

"तुमचा कुठला?"

"किलवर पंजी."

मी पत्ता उलटला. किलवर पंजी होती.

लगेच टाळ्या पडल्या नाहीत. आधी मनगट मोकळं झालं. बोट, बोट, मग अंगठा. मग लोक उठून उभे राहिले. घरगुती खेळ होता, बघ. सुट्टीत भाचरांना रिझवायचा.

मॅनेजरांना अजून वाटतं की तो आवाज माझीच करामत आहे, आणि कशी केली ते विचारायची त्यांची पद्धत म्हणजे मला जास्त प्रयोग देणं. मी त्यांचा समज दूर केला नाही. बेकरीवाल्या बाई घरी पाव पाठवतात, कधी विषय काढत नाहीत. त्यानंतर मी गावोगाव हा एकच खेळ केला. कुणाला आवाज आला नाही. लवंगेचा वास नाही. ह्यांना मी 'तो' म्हणायला लागले होते, मग बहीण रागावली म्हणून पुन्हा 'हे' म्हणते. मेलेल्याचा मान ठेवायला माझी हरकत नाही, मान ठेवूनही हरवता येतं.

तुला मी इथेच थांबून, 'तर तो घरगुती खेळ निवड' असं सांगणार होते. पण परवाचंही सांगते. तू विंगेत उभी राहणार आहेस, तर तुला ठाऊक असलेलं बरं.

परवा वाचनालयाच्या हॉलमध्ये दुपारचा प्रयोग होता. संपल्यावर एक म्हातारी बाई आणि तिची मुलगी मला भेटायला थांबल्या. म्हातारीला जन्मापासून ऐकू येत नाही. ओठ वाचते आणि हातांनी बोलते. मुलगी मला सांगत होती.

"आई विचारते, तुमच्या मागे उभे होते ते गृहस्थ कोण?"

मी म्हटलं, "माझे यजमान असतील. पत्ते सांगत होते का?"

म्हातारीने मान हलवली. बोटं भराभर चालली. मुलीने तिला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "पत्ते नाही. आई म्हणते, ते तुमच्याशी बोलतच नव्हते. तुमच्याकडे पाठ होती, कडेच्या खुर्चीवरून आईला त्यांचे ओठ बाजूने दिसत होते. ते म्हणत होते... 'हो.' मग, 'हो, एकटीच राहते.' मग, 'नाही, अजून तिने बघितलेलं नाही.'"

"कुणाला म्हणत होते?"

मुलीने आईला विचारलं. म्हातारी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागली. माणसाच्या उंचीच्या बरंच वर. मग तिने आपला तळहात आपल्याच तोंडावर ठेवला आणि ओठांवरून असा फिरवला, पाटी पुसतात तसा.

"त्यांच्यासमोर जो उभा होता त्याला," मुलगी म्हणाली. "तो काय विचारत होता ते आईला वाचता आलं नाही. ती म्हणते, वाचायला काही नव्हतंच तिथे." मग, निघताना, दारातून वळून, "आणि शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या म्हणे. फक्त तो थांबला नाही."

मी मान डोलावली. हसलेही असेन. त्या गेल्यावर मी पत्त्यांची पेटी बंद केली. हॉल रिकामा झाल्यापासून मागच्या अंधारातून आवाज येत होता. थप. थप. सावकाश. मला वाटलं होतं, कुणीतरी गाद्यांची धूळ झटकतंय. ह्यांचा आवाज मला कधी ऐकू आला नाही. हा येत होता.

घंटा झाली बघ. चल, ऊठ. अशी माझ्याकडे बघू नकोस, मी प्रयोग रद्द करणार नाही. ह्यांच्यासाठी रद्द केला नाही, तर ज्याला तोंड नाही त्याच्यासाठी काय म्हणून करू? मला जे दिसत नाही ते मी बघायला जात नाही, खेळच तो आहे माझा.

तू फक्त एक कर. शेवटी टाळ्या वाजतील, मी नमस्कार करेन. टाळ्या कमी होत जातील. सगळ्या थांबल्या की पडदा पाड. आणि एक थांबली नाही, तर वाट बघू नकोस. लगेच पाड, आणि पडदा खाली येईपर्यंत मला मागून हाक मारू नकोस, मी वळून बघेन.